कोपराखालचा हात

बाहीचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला जे शिकवलं होतं तेच तिनं केलं, आणि कुरकुर न करता केलं. चुकलं ते तीन माणसांचं. तिघंही गल्लीत शहाणी म्हणून ओळखली जायची, तिघांचा एकमेकांवर जीव होता, आणि चूक झाली तीही त्या जिवापोटीच.

तिघांतली दोघं आता इचलकरंजीच्या त्या घरात उरली होती. धनपाल मगदूम, म्हणजे अण्णा, पंचाहत्तरीला आलेले, जन्मभर यंत्रमाग दुरुस्त करत फिरलेले जॉबर. आणि त्यांची एकुलती एक मुलगी तेजस्विनी, बेंगळुरूहून आलेली. अण्णांची बायको त्रिशला जाऊन पंधरवडा झाला होता. पै-पाहुणे परतले, शेजारणींचे डबे थांबले, आणि त्या दिवशी तेजस्विनीनं पहिल्यांदा आईच्या ओट्यावर स्वतः भाकरी थापली.

पाच वाजता तिनं ताट मांडलं. मगदूमांचं घर जैन, आणि अण्णा त्यातले कडक. सूर्य मावळला की घास नाही, पाणी नाही. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली तेव्हा दवाखान्यातसुद्धा त्यांनी हा नियम मोडला नव्हता. दुसरा नियम त्याहून जुना: जेवायचं ते उजव्या हातानं आणि आपल्या हातानं.

त्रिशला गेल्यापासून अण्णा ताटावर बसले नव्हते, पेल्यातल्या पेजेवर आणि दुधावर होते. आज पहिल्यांदाच तेजस्विनीनं त्यांच्या हातावर बाही चढवली, पट्टे ओढले, मांडीवर पंचा पसरला. अण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. हात वर निघाला, ताटापासून वीतभर वर आला आणि थांबला. कुणी तरी यायचं राहिलंय म्हणून थांबावं तसा तो हवेत थांबून राहिला, आणि मग हळूच खाली आला.

"चार्जिंग संपलं असंल," अण्णा म्हणाले.

"भरलेलं आहे."

"मग भाकरी जाड थापलीस तू."

एरवी ती हसली असती. अण्णांनी पुन्हा हात उचलला. पुन्हा वीतभर वर जाऊन तो थांबला. पुढच्या पाऊण तासात अण्णा घामाघूम झाले आणि पोटात गेले ते दोन घास, तेही मान ताटाकडे वाकवून घेतलेले.

"मी भरवू का, अण्णा?"

"मी काय तान्हं हाय?"

"मग डाव्या हातानं तरी…"

अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं वाक्य सोडून दिलं. समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावरचं ऊन सरकत सरकत गेलं. अण्णांनी ताट पुढं ढकललं आणि म्हणाले, "राहू दे. आज भूकबी न्हाई."

भूक होती. ते तिला दिसत होतं, आणि त्याबरोबर दुसरंही काही दिसत होतं. अण्णांना हे घर सोडायचं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी मागांवर घाम गाळून बांधलेलं दोन खोल्यांचं घर, दारातून दिसणारं बस्तीचं, म्हणजे जैन मंदिराचं, शिखर, एवढंच त्यांना पुरत होतं. पण बाही देणाऱ्या गृहसेवा केंद्राचा नियम साधा होता: माणूस बाहीच्या आधारानं स्वतः जेवू शकत असेल तर सेवा घरी मिळणार. नसेल तर केंद्राचं निवासगृह, नाही तर मुलांचं घर. तेजस्विनीचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. तिथं अण्णा एकदा चार दिवस राहिले होते आणि चारही दिवस त्यांनी पिशवी भरून ठेवली होती.

तिनं केंद्राला कळवलं.

*

बाहीबद्दल थोडं सांगायला हवं.

खांद्यापासून बोटांपर्यंत चढणारं ते मऊ कापड. त्यात केसाएवढे बारीक धागे विणलेले असतात. वीज मिळाली की ते स्नायूसारखे आखडतात आणि हात उचलतात. आतल्या बाजूला टिकल्यांएवढे ग्राहक, म्हणजे सेन्सर, त्वचेला टेकलेले. अर्धांगात हाताचे स्नायू मरत नाहीत. मेंदूतून हुकूम निघतो, पण वाटेत इतका क्षीण होतो की हाताला तो पुरत नाही. ग्राहक तो क्षीण हुकूम ऐकतात, आणि अण्णांना हात उचलायचाय हे बाहीला समजतं. मात्र किती जोरानं उचलायचाय हे त्यावरून समजत नाही, कारण अशा हातात हुकूम आणि जोर यांचा मेळ राहिलेला नसतो.

म्हणून जोर गणितानं काढायचा. हाताचं वजन माहीत, तो किती वर गेला आणि किती वेगानं गेला हे माहीत, म्हणजे एकूण किती जोर लागला तेही निघतं. त्यातून बाहीनं स्वतः लावलेला जोर वजा केला की उरतो तो माणसाचा. या उरलेल्याला केंद्रानं नाव दिलं होतं 'स्वबळ'.

आणि बाहीचं खरं शहाणपण पुढंच होतं. सगळं काम तिनंच केलं तर मेंदू आळशी होतो, हात कायमचा विसरतो. म्हणून माणूस जिथं जितका जोर लावेल तिथं तितकी ती मागं सरायची. घासाच्या वाटेवरची प्रत्येक जागा ती लक्षात ठेवायची. कितीतरी माणसं अशी पुन्हा जेवायला, केस विंचरायला, नातवंडांना उचलायला लागली होती. दर रविवारी बाही मंजुळ आवाजात सांगायची, "या आठवड्यात तुमचं स्वबळ एकवीस टक्के. छान प्रगती."

ही बाही मंजूर करून घ्यायला तेजस्विनीनं जिवाचं रान केलं होतं. केंद्राच्या अ‍ॅपवर अर्ज, परत आलेला अर्ज, दवाखान्याचा नवा दाखला, पुन्हा अर्ज. वर सकाळी अण्णांना अंघोळ घालायला आणि खुर्चीत बसवायला केंद्राची सेविकाही मिळाली. शकीलाताई. दणकट बाई, बोलायला फटकळ, आणि अण्णांना एका दमात उठवून बसवणारी.

बाही बसवायला इंजिनिअर लोकरे मॅडम आल्या, तेव्हा तेजस्विनी रजा काढून घरी होती. मॅडमनी ठरलेला प्रश्न विचारला होता, "जेवताना यांच्या हाताला कुणी आधार देतं का?"

त्रिशला हसून म्हणाली होती, "कोण देणार? घरात मीच तर हाय."

मॅडमनी पडद्यावरच्या अर्जात 'कुणी नाही' यावर बोट टेकवलं. तेजस्विनीनंही मान डोलावली. त्रिशलाबाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. परक्यानं हात लावला तर ती मदत. आपण आपल्या माणसाला हात लावला, त्याला काय म्हणायचं?

*

लोकरे मॅडम दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. चाळिशीच्या, नेटक्या, कमी बोलणाऱ्या. त्रिशलाबाईंच्या फोटोला नमस्कार करून त्यांनी अण्णांना रिकाम्या हातानं घास घ्यायची नक्कल करायला सांगितली. हात वीतभर गेला आणि थांबला. बाहीतलं गणित त्यांनी पडद्यावर उघडून ओळीनं तपासलं.

"बाही ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ताटापासून वीतभर ती अजून पूर्ण उचलते. तिथून ओठांपर्यंत तिनं सोडून दिलंय. तिच्या हिशेबानं तेवढं अंतर तुम्ही स्वतःच्या जोरावर नेता."

"मग आता का जात नाही?" तेजस्विनीनं विचारलं.

मॅडमनी टेबलाची कड बघितली. मग त्या अण्णांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. तिथं स्टूल आधीपासूनच होतं. त्यांनी आपला हात पंच्याखाली घातला. अण्णांचं कोपर टेबलाच्या कडेवर आलं की खालून तळवा बरोब्बर तिथं टेकत होता. कोपर तिथवर यायला हात ताटापासून बरोबर वीतभर उचलावा लागत होता.

"इथं कोण बसायचं?"

तेजस्विनीला रोजचा व्हिडिओ कॉल आठवला. मधोमध अण्णा, समोर ताट, आणि उजव्या कडेला आई, नेहमी अर्धीच. "आई, जरा आत सरक ना, दिसत नाहीस," असं ती किती वेळा म्हणाली असेल. "मला काय बघायचंय? अण्णांस्नी बघ, कसं जेवायल्यात," असं म्हणून आई तशीच अर्धी बसून राहायची.

"बाहीला वजाबाकी येते," लोकरे मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "उरलेलं कुणाचं, हे तिला ओळखता येत नाही. बाईंनी थोडं उचललं, ती थोडी मागं सरली. मग हात जड लागला असणार, म्हणून त्यांनी आणखी उचललं. ती आणखी सरली. शेवटी शेवटी…"

"सगळं आईच उचलत होती."

"जवळजवळ."

मागांच्या जॉबरला एवढं कळायला पडदा लागत नाही. "दोन मोटरी एका मीटरवर," अण्णा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बरं, ते असू दे. शकीलाच्या सुनंचं बाळंतपण झालं का? ती परत येती का बघा की सकाळची."

मॅडमना काही उमगेना. "सुनेचं बाळंतपण?"

"त्याचसाठी तर काम सोडून गेली ती."

"त्यांनी काम सोडलेलं नाही. तुमचं स्वबळ साठच्या वर गेलं, म्हणून त्यांचे इथले तास बंद झाले. वर गेलं की गरज कमी धरतात. मागं रांगेत बरेच जण असतात. घरी तसं कळवलेलं होतं."

कळवलेलं तेजस्विनीला होतं. सूचना आली तेव्हा ती ऑफिसात मीटिंगला बसली होती. 'अभिनंदन! आपल्या रुग्णाची श्रेणी बदलली आहे. हरकत नसल्यास मान्य करा.' तिला इतका आनंद झाला होता की तिनं शेजारच्या मैत्रिणीला ते दाखवलं आणि मग मान्य करून टाकलं. रात्री आईला फोन केला. आई म्हणाली, "बरं झालं की." त्यानंतर अण्णांना रोज न्हाणीघरात नेणं, आणणं, खुर्चीत बसवणं हे सगळं आईवर आलं. शकीलाताईच्या सुनेच्या बाळंतपणाचं निमित्त आईनं रचलं, ते अण्णांना आकड्याचा आनंद घेता यावा म्हणून. मध्येच एकदा आई म्हणाली होती, "हल्ली खांदा लई भरून येतोय बघ." तेजस्विनीनं तिला भाकरीचं पीठ मळायचं यंत्र ऑनलाइन पाठवून दिलं होतं. ते अजून खोक्यातच होतं.

आणि एका सकाळी अण्णांना अंघोळ घालून, पुसून, बाहेर खुर्चीत बसवून आई न्हाणीघर धुवायला म्हणून परत आत गेली आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनं असणार, याचा त्याच्याशी संबंध लावू नका. डॉक्टर चांगले होते. मुलींना असंच सांगतात.

"बाही कोरी करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "शिकलेलं सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून शिकवायचं. पाच मिनिटांचं काम आहे. मग खरं स्वबळ दिसेल, शकीलाताईंचे तासही परत मागता येतील."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"अण्णा, त्याशिवाय जेवता येणार नाही तुम्हाला."

"न्हाई म्हटलं ना." त्यांनी डाव्या हातानं बाही छातीशी धरली. "तिची जागा हाय त्यात. असू दे तशीच."

मॅडमनी वाद घातला नाही. जाताना दारात त्या तेजस्विनीला म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत मला सांगा. बाही निरुपयोगी आहे असं मला लिहावं लागलं, तर त्यांचं घरी राहणं अवघड होईल." चप्पल घालता घालता त्या थांबल्या. "त्या दिवशी मी पुन्हा विचारायला हवं होतं. वेगळ्या शब्दांत."

"मी तिथंच उभी होते की," तेजस्विनी म्हणाली.

*

पाच वाजता तिनं ताट मांडलं. मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, तुकडे करून ठेवलेली भाकरी. काल दोन घास, आज सकाळी पेल्यातून दूध आणि त्यातच कुस्करलेलं केळं. अण्णांचा चेहरा ओढलेला होता. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आईचा, स्वतःचा, आणि सर्वांत जास्त त्या मंजुळ आवाजाचा.

ती उजवीकडच्या स्टुलावर बसली. पंच्याखालून हात घातला.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, पण नको म्हणाले नाहीत. तुकडा आमटीत बुडाला. हात वीतभर वर आला आणि थांबला, आणि कोपर तिच्या तळव्यावर टेकलं.

एवढं वजन असेल असं तिला वाटलं नव्हतं. जॉबरचा हात, रुंद हाडाचा, स्वतःचा काहीच जोर नसलेला. अण्णाच उचलतायत असं समजून बाही इमानानं बाजूला झाली होती. तेजस्विनीनं दात आवळून तो वर नेला. घास तोंडात गेला. अण्णा चावू लागले. दुसरा घास. तिसरा. सहाव्या घासाला तिचा खांदा पेटला. दहाव्याला तिनं आपल्याच हाताखाली दुसरा हात घातला. ताट अर्धंही झालं नव्हतं. तिची आई सत्तरीची होती, आणि हे दोन वेळा रोज करून वर कॅमेऱ्याकडे बघून हसायची.

"आई काय बोलायची हो, असं करताना?"

"काय बोलणार? गल्लीतलं. कुणाचं काय, कुणाचं काय." अण्णांनी घास गिळला. "पहिल्यांदा थंडीच्या दिवसांत लावला तिनं हात. दिवस लहान. ही बाही सावकाश चालायची, ताट संपायच्या आत दिवस बुडायचा. तिला माझं अर्धं ताट बघवायचं न्हाई."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हात बधिर हाय माझा, डोळं न्हाईत." त्यांनी पुढचा तुकडा आमटीत बुडवला. "मला वाटायचं, जरासा लावती, दिवस बुडायच्या आत उरकावं म्हणून. बाकीचं माझं मीच करतोय. रविवारी आकडा आला की ती माझ्याकडं बघायची. मी हसायचो. मग ती बी हसायची. वाटलं, चाललंय ते बरं चाललंय."

कोपर तेजस्विनीच्या तळव्यावरून घसरलं, घास पंच्यावर पडला. तिनं घाईनं पुन्हा हात सावरला. "द्या, द्या, अजून उजेड आहे."

अण्णांनी डाव्या हातानं तिचं मनगट पंच्याखालून बाहेर काढलं. उलटं करून बघितलं. तळवा लाल झाला होता.

"मॅडमला फोन लाव," ते म्हणाले. "कोरी करू दे."

"अण्णा, तुमची इच्छा नसेल तर…"

"एक गेली तेवढी पुरे."

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बाही कोरी केली. खरंच पाच मिनिटं लागली. हाताच्या वाटेवरची ती एक वीत संपल्यानंतरची जागा, जिथं त्रिशलाबाईंचं इतक्या महिन्यांचं उचलणं साठलं होतं, ती इतर जागांसारखी झाली. मॅडम गेल्यावर अण्णांनी बाहीवरून एकदा हात फिरवला.

पाच वाजता ताट मांडलं. यावेळी तेजस्विनी समोर बसली. उजवीकडचं स्टूल तिनं भिंतीशी नेऊन ठेवलं होतं आणि तिथं ते चुकीचं दिसत होतं.

हात निघाला. वीतभर गेला, दोन वीत गेला, न थांबता, फार सावकाश, ओठांपर्यंत. अण्णांनी घास घेतला. सगळं यंत्रच करत होतं, आणि त्यांना ते समजत होतं.

कोरी बाही पहिल्या घासांवरून सुरुवातीचा आकडा सांगते. तसा तिचा मंजुळ आवाज आला, "आपलं स्वागत आहे. तुमचं सुरुवातीचं स्वबळ चार टक्के. काळजी करू नका, प्रगती होईल."

अण्णा चावायचे थांबले.

"चार माझं," ते म्हणाले. "वरचं समदं तिचं होतं."

त्यांनी पुढचा घास बुडवला. हात पुन्हा निघाला, त्याच सावकाशीनं. शकीलाताईंचे तास परत मागायचा अर्ज तेजस्विनीनं सकाळीच केला होता, आणि 'आधार देणारं कुणी आहे का' या प्रश्नापुढं आईचं नाव लिहून पाठवलं होतं. अ‍ॅपनं ते घेतलं नाही. हयात व्यक्तीचं नाव द्या, असं म्हणालं.

समोरच्या पत्र्यावरचं ऊन उतरत होतं. ताट अजून अर्धं होतं. आमटी निवून दाटली होती, भाकरीचे तुकडे वाळत चालले होते. अण्णांचा हात एका घासासाठी वर जात होता, अर्ध्या वाटेवर होता, तेवढ्यात ऊन पत्र्यावरून गेलं. त्यांनी बाहेर बघितलं. मग तो घास त्यांनी तोंडाशी नेला नाही. हात खाली येऊ दिला आणि तुकडा ताटाच्या कडेला ठेवला.

"अण्णा, एवढा तरी घ्या."

"दिवस बुडला."

"उद्या चारला बसू," ती म्हणाली. "साडेतीनला बसू."

"बसू की," अण्णा म्हणाले, आणि भिंतीशी ठेवलेल्या स्टुलाकडं बघून सवयीनं पंचा जरा त्या बाजूला सारला.